जुन्या वाल्व्ह रेडिओला एफएमसाठी कोणता अँटेना लावावा?

हिरवी पापणी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९५० च्या दशकातला एक जर्मन टेबल रेडिओ आहे. लाकडी पेटी, पुढे पियानो बटणं, काचेच्या डायलशेजारी मॅजिक आय, म्हणजे सिग्नलच्या जोराप्रमाणे मिटणारा उजळ डोळा. आतले वाल्व्ह ईसीसी८५, ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४ आणि ईझेड८०, डोळ्यासाठी ईएम८०. कागदी कंडेन्सर सगळे बदलले, पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कंडेन्सरही नवा घातला. मीडियम वेव्ह आता सुरेख लागते. अडलंय ते एफएमवर.

डायलवर एफएमचा पट्टा ८७ ते १०० मेगाहर्ट्झ असा छापलेला आहे. त्यातली दोन स्टेशनं स्वच्छ येतात. बाकीची फसफशीच्या मागून ऐकू येतात आणि मी खोलीत जागा बदलली की त्यांचा आवाज बदलतो. वायरला हात लावला तर काही सुधारतात, काही पार जातात. त्याच टेबलावर ठेवलेला साधा ट्रान्झिस्टर दांडी बाहेर काढली की ही सगळी स्टेशनं घेतो, म्हणजे सिग्नल खोलीत नक्की पोचतोय.

मागच्या पुठ्ठ्यावर मीडियम वेव्हसाठी अँटेना आणि अर्थ अशी दोन भोकं आहेत. त्यांच्यापासून थोडी दूर, एकमेकांना लागून आणखी दोन भोकं आहेत, वर टी अक्षरासारखं चिन्ह आणि २४० ओहम असं लिहिलेलं. त्यात आतून आलेला दोन पिनांचा प्लग खोचलेला होता. त्याची वायर पेटीच्या आतल्या छताला चिकटवलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांना जाते. त्या पट्ट्या एका बाजूने सुटून फाटल्यात, म्हणून मी तो प्लग काढून एका भोकात दीडेक मीटर साधी वायर घातली आहे.

आता विचार करतेय तो असा. ट्रान्झिस्टरची दांडी मिळवून जोडू का? गच्चीवर जुना टीव्हीचा ॲल्युमिनियमचा अँटेना पडून आहे, तो चालेल का? की टीव्ही-एफएमसाठी बूस्टरवाला घरातला अँटेना मिळतो, तो घ्यावा? आणि टीव्हीची गोल कोॲक्सियल केबल सरळ या दोन भोकांत जोडली तर काय बिघडेल? घर तिसऱ्या मजल्यावर आहे. रेडिओ ज्या खोलीत आहे तिची खिडकी ट्रान्समीटरच्या विरुद्ध दिशेला उघडते. या रेडिओचा आवाज इतका भरीव आहे की तो फक्त दोन स्टेशनांपुरता वापरायचा हे मनाला पटत नाही.

रानवारा

बूस्टरवाला घ्या, सोपं पडेल. माझ्याकडे नव्या ट्यूनरला तोच लावलाय आणि काम करतो. वाल्व्ह सेटचा मात्र अनुभव नाही.

अर्धतरंग

ताई, बूस्टर इतक्यात घेऊ नका. मी वाल्व्ह रेडिओंची दुरुस्ती आयुष्यभर केली आणि अजूनही टेबलावर एक सेट उघडा असतो. एफएम लागत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक सेटमध्ये रेडिओ ठणठणीत असायचा. मागे खोचलेल्या तारेतच सगळी गडबड असायची. तुम्ही वर्णन नेमकं केलंय, त्यामुळे नेमकं उत्तर देता येईल.

सगळ्यात आधी सुरक्षेचं बोलतो. तुमचे वाल्व्ह ई मालिकेतले आहेत, म्हणजे ६.३ व्होल्टच्या फिलामेंटचे, आणि रेक्टिफायर ईझेड८०. अशा सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो आणि चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, मेन्सपासून (घरच्या विजेपासून) वेगळं असतं. तुम्हाला ती काळजी नाही. पण हा धागा वाचून कोणी आपल्या रेडिओला तार जोडणार असेल तर आधी आतले वाल्व्ह बघा. यूसीसी८५, यूसीएच८१, यूएबीसी८०, यूएल८४, यूवाय८५ अशी यू अक्षराची मालिका दिसली तर तो ट्रान्सफॉर्मर नसलेला सेट समजा. त्याचं चॅसिस थेट मेन्सला जोडलेलं असतं, आणि अँटेनाचं भोक आणि मेन्स यांच्यामध्ये फक्त छोटे कंडेन्सर असतात. साठ-सत्तर वर्षांनी ते गळके झाले असतील तर खिडकीत लोंबणाऱ्या उघड्या तारेवर मेन्स आलेला असतो. ते कंडेन्सर सुरक्षा दर्जाचे, वाय वर्गाचे बसवल्याशिवाय अशा सेटला बाहेरचा अँटेना लावू नये, आणि सेट उघडून काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा.

आता तुमची दोन भोकं. टीसारखं जे चिन्ह आहे ते डायपोलचं चित्र आहे: वरच्या दोन आडव्या रेघा म्हणजे अँटेनाचे दोन हात, मधून खाली येते ती केबल. ही जोडणी बॅलन्स्ड आहे, म्हणजे दोन्ही भोकांना समान आणि उलट सिग्नल मिळायला हवा. आत एका छोट्या कॉइलची दोन टोकं या भोकांना येतात, कॉइलचा मध्य बहुधा चॅसिसला असतो आणि तिथून सिग्नल ईसीसी८५ कडे, म्हणजे एफएमच्या पहिल्या वाल्व्हकडे, जातो. एकाच भोकात तार घातली की अर्धीच कॉइल कामाला लागते. अँटेनाचा दुसरा हात मग चॅसिस, मेन्सची दोरी आणि त्या दोरीला जोडलेलं घरभरचं वायरिंग बनतं. तुम्ही खोलीत हललात की हा सगळा गोतावळा बदलतो, म्हणून स्टेशनही बदलतं. तुमच्या हाताने फरक पडतो तोही त्याचमुळे. शिवाय एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटर यांचा कचरा त्या वायरिंगवर असतो, तो फुकटात आत येतो.

तेव्हा तुम्हाला हवा आहे तो अर्ध्या तरंगलांबीचा फोल्डेड डायपोल. ३०० ओहमची चपटी ट्विन लीड केबल, जुन्या टीव्हीला असायची ती, मिळाली तर उत्तम. रेडिओ २४० मागतो आणि केबल ३०० ची, याची चिंता करू नका. त्या फरकाने शंभरातला एक-सव्वा भाग सिग्नल परत जातो, कानाला तो कळणारसुद्धा नाही.

लांबीचा हिशेब लोक हमखास आजच्या ८८ ते १०८ च्या पट्ट्यावर करतात. तुमचा रेडिओ १०० च्या वर जातच नाही, मग त्याचा अँटेना १०८ साठी कशाला कापायचा? तुमच्या पट्ट्याचा मध्य साडेत्र्याण्णव मेगाहर्ट्झ. ३०० ला ९३.५ ने भागलं की तरंगलांबी मिळते ३.२१ मीटर. तिची निम्मी १.६० मीटर. प्रत्यक्ष तारेत ती सुमारे पाच टक्के कमी धरायची, म्हणजे १.५२ मीटर. दोन-तीन सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नाही.

चपट्या केबलचा १.५२ मीटरचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना आतल्या दोन तारा सोलून एकमेकींना पिळा आणि सोल्डर करा. मग बरोबर मध्यावर दोहोंपैकी एकच तार कापा, दुसरी अखंड राहू द्या. कापलेल्या तारेची जी दोन टोकं मिळतात त्यांना खाली येणाऱ्या चपट्या केबलच्या दोन तारा जोडा. झाला अँटेना. खालच्या केबलचं दुसरं टोक रेडिओच्या दोन भोकांत. आतल्या पट्ट्यांचा प्लग तुम्ही काढलाच आहे, तो तसाच बाहेर राहू द्या, दोन्ही एकत्र कधीच लावू नका. त्या पट्ट्या दुरुस्त करायच्या झाल्या तर ॲल्युमिनियम फॉइलची नवी पट्टी सहज बसवता येते, पण पेटीच्या लांबीत अख्खा डायपोल मावत नाही आणि टेबलावरून रेडिओ फिरवत बसायची सोय नसते, म्हणून तो दुय्यम उपाय.

खाली येणाऱ्या केबलला दोन गोष्टी मानवत नाहीत: धातू आणि वेटोळं. खिडकीच्या गजाला, पाण्याच्या नळाला, पत्र्याच्या कपाटाला ती चिकटू देऊ नका, चार बोटांचं अंतर ठेवा. उरलेली लांबी गुंडाळून मागे टाकू नका, कापून टाका. साधारण अर्ध्या मीटरला एक पीळ द्या, म्हणजे वाटेत दोन्ही तारांवर चढणारा कचरा बराचसा एकमेकांना खोडून काढतो.

ट्रान्झिस्टरच्या दांडीबद्दल. ती पाऊण मीटरची असते, म्हणजे पाव तरंगलांबी, आणि तिला दुसरी बाजू म्हणून चॅसिस लागतं. ट्रान्झिस्टरचं सर्किट तशा दांडीसाठीच आखलेलं असतं, तुमच्या रेडिओचं नाही. तुमच्या आत्ताच्या तारेपेक्षा ती फार वेगळं काही देणार नाही.

आणि बूस्टर. मळक्या पाण्याचा नळ मोठा सोडला म्हणून पाणी निवळत नाही. खोलीतल्या अँटेनाला सिग्नलबरोबर घरातला कचरा मिळतो, बूस्टर दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो. तुमची जी दोन स्टेशनं आजच जोरात येतात ती बूस्टरमधून आणखी फुगून ईसीसी८५ ला भारी होतील आणि डायलवर नको तिथे त्यांची भुतं उमटतील. बूस्टरचा खरा उपयोग अँटेना उंच, केबल लांब आणि बूस्टर अँटेनाच्या बुडाशी असेल तेव्हा.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. हा रेडिओ मोनो आहे. एफएम स्टिरिओ आलं १९६१ मध्ये, अमेरिकेत, आणि ते जुन्या मोनो सेटना चालावं अशीच त्याची रचना केली. डाव्या-उजव्याची बेरीज मुख्य आवाजात जाते, फरक १९ किलोहर्ट्झच्या पायलट नावाच्या खुणेच्या सुरासोबत वरच्या भागात. तुमचा सेट फक्त बेरीज घेतो. तेवढीच शांत पार्श्वभूमी स्टिरिओत मिळवायला वीसेक डेसिबल जास्त सिग्नल लागतो, म्हणजे शंभरपट शक्ती. जिथे मोठा ट्यूनर फसफसतो तिथे हे जुने सेट शांतपणे गातात. म्हणून सांगतो, साधा डायपोल नीट लावा, तो पुरतो.

निळी वायर

अर्धतरंग यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत. एका ठिकाणी वेगळं मत आहे. चपटी केबल घरात ठीक, पण खिडकीबाहेर गेली की पाऊस, धूळ आणि गज यांनी तिचं रूप बदलतं. ओली झाली की सिग्नल उतरतो. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, तेव्हा अँटेनाशी रोजचा संबंध, आणि मी बाहेरच्या कामाला कोॲक्सियलच वापरतो. आरजी६ जातीच्या कोॲक्सियलच्या दहा मीटरमध्ये या कंप्रतेला एक डेसिबलसुद्धा जात नाही, आणि ती गजाला बांधली तरी चालते.

पण सरळ दोन भोकांत नको. ७५ ओहमची केबल २४० ला जोडली तर चौथ्या भागाहून थोडा जास्त सिग्नल परतेल, ते एक वेळ सोसता येईल. मोठा तोटा वेगळा आहे. कोॲक्सियलचं बाहेरचं आवरण एका भोकात आलं की ते स्वतःच अँटेना होतं आणि वाटेतल्या सगळ्या चार्जरांचं ऐकतं. म्हणून रेडिओपाशी ७५ ते ३०० ओहमचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावा, म्हणजे बलून. जुन्या टीव्हींसोबत येणारा, अंगठ्याएवढा, आत फेराइटचा मणी असतो तो. एफएमच्या पट्ट्याला व्यवस्थित चालतो.

अँटेनापाशीही तसाच बलून लागेल. तो केबलच्या तुकड्याचाच करता येतो. तुकड्याची लांबी म्हणजे अर्धी तरंगलांबी गुणिले केबलचा वेग-गुणांक (केबलमध्ये सिग्नल हवेच्या मानाने किती वेगाने जातो तो आकडा). भरीव पॉलिथिनच्या केबलला ०.६६, म्हणजे तुमच्या ९३.५ साठी १.६० गुणिले ०.६६, साधारण १.०६ मीटर. फोमवाल्या केबलला गुणांक ०.८ च्या आसपास, तिथे तुकडा लांब येईल, म्हणून केबलवर काय लिहिलंय ते बघून घ्या. या तुकड्याच्या आतल्या तारेची दोन टोकं फोल्डेड डायपोलच्या दोन टोकांना जोडा. रेडिओकडून येणाऱ्या केबलची आतली तार त्यांपैकी कुठल्याही एकाला. तिन्ही ठिकाणची बाहेरची आवरणं एकमेकांना जोडून टाका, डायपोलला लावू नका. ३०० चे ७५ झाले आणि बॅलन्सही झाला.

गच्चीवरच्या टीव्ही अँटेनाबद्दल: त्याची नळी मोजा. पाऊण मीटरच्या आसपास असेल तर तो १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा, एफएमला जवळपास निरुपयोगी. वीतभर लांबीच्या काड्या असतील तर त्याहून वरच्या यूएचएफ पट्ट्याचा, तो सोडूनच द्या. दोन मीटरपेक्षा मोठी नळी असेल तर मात्र तो ४७ ते ६८ वाल्या खालच्या पट्ट्याचा असेल, आणि त्या नळ्या कापून एफएमसाठी तीन काड्यांचा यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेला अँटेना, करता येतो. डायपोलपेक्षा पाचेक डेसिबल जास्त मिळतात, पण एकाच दिशेने.

अर्धतरंग

बाहेरच्या कामासाठी निळी वायर यांचं म्हणणं रास्त आहे. घरात असेल तर मी चपट्या केबलवर ठाम आहे: दोन बलून कमी, सांधे कमी.

हिरवी पापणी

काका, निळी वायर, दोघांचेही मनापासून आभार. एका भोकातल्या तारेचं स्पष्टीकरण वाचलं आणि इतके दिवस जे दिसत होतं त्याचा अर्थ लागला.

चपटी केबल मिळाली. १.५२ मीटरचा डायपोल करून लाकडी पट्टीवर चिकपट्टीने बसवला, पट्टी कपाटावर आडवी ठेवली. कपाट लाकडाचं आहे. फरक इतका आहे की पहिल्यांदा डायल फिरवताना मी पुन्हा पुन्हा मागे येत होते. ९१ ते ९५ च्या मध्ये जिथे नुसती फसफस होती तिथे स्टेशनं उभी राहिली. हात लावून, खोलीत फिरून आता काहीही बदलत नाही. मॅजिक आय पूर्वी जेमतेम हलायचा, आता चांगला मिटतो.

दोन शंका राहिल्यात. एक, ९८ च्या जवळचं स्टेशन जोरात येतं, डोळा पूर्ण मिटतो, तरी स आणि श फाटतात. गाणं चालू असताना कमी कळतं, बोलणं सुरू झालं की टोचतं. दुसरं, इथे काही स्टेशनं १०० च्या वर आहेत. ट्रिमर (आतला जुळवणीचा स्क्रू) फिरवून डायल वर सरकवता येईल का?

अर्धतरंग

वा! आता दुसरी शंका आधी, कारण ती लवकर आटपते. १०० च्या वरचं जे येत नाही त्यात अँटेनाचा काही संबंध नाही. त्या काळी युरोपात एफएमचा पट्टा १०० पर्यंतच होता, पुढे १०४ आणि मग १०८ पर्यंत वाढला. ईसीसी८५ च्या डब्यातला ऑसिलेटर ट्रिमर फिरवून वर सरकता येतं, पण खालचा भाग हातचा जातो, डायलवरचे आकडे खोटे ठरतात आणि पुढच्या कॉइलही त्याबरोबर जुळवाव्या लागतात. सिग्नल जनरेटर हाताशी नसेल तर तो डबा उघडू नका. कारखान्यात जुळवलेला तसा अजून जुळलेला असणं हे तुमचं भाग्य आहे, त्याला धक्का लावावा असं मला वाटत नाही. वरची स्टेशनं हवीच असतील तर वेगळा ट्यूनर घेऊन त्याचा आवाज मागच्या ग्रामोफोनच्या भोकांत द्या. स्पीकर आणि ईएल८४ तेच, त्यामुळे गोडवाही बराचसा तोच.

आता फाटणारा स. डोळा मिटलेला असूनही फाटतो, म्हणजे सिग्नल कमी नाही. एकच स्टेशन दोन वाटांनी येतंय, एक सरळ आणि एक कुठल्या तरी इमारतीवरून आपटून थोडं उशिरा. तुमची खिडकी ट्रान्समीटरच्या उलट दिशेला आहे, तेव्हा समोरच्या भिंतीवरून परतलेली लाट तुमच्याकडे दमदार येत असणार. दोन्ही मिळाल्या की सिग्नलची उंची आवाजाबरोबर वरखाली होते, आणि जिथे कंप्रता झपाट्याने पसरते तिथे, म्हणजे स, श, झांजा यांच्यावर, ते कानाला लागतं. मॅजिक आय हे दाखवत नाही. तो सरासरी जोर दाखवतो, स्वच्छता नाही. इथे कानच मोजमाप.

डायपोल ऐकतो ते आपल्या लांबीच्या आडव्या दोन्ही बाजूंचं. टोकांच्या दिशेला तो जवळजवळ बहिरा असतो. लोक जास्तीत जास्त जोर शोधत फिरवतात. तुम्ही उलट करा: ९८ चं स्टेशन लावा, निवेदक बोलत असताना पट्टी सावकाश फिरवा, आणि जोर थोडा कमी झाला तरी चालेल पण स स्वच्छ होईल अशी दिशा धरा. ती दिशा म्हणजे टोक परतलेल्या लाटेकडे झालेलं. बहिरेपणाची जागा अरुंद असते, ऐकू येण्याची रुंद, म्हणून टोकानेच नेम धरायचा. नुसतं फिरवून जमलं नाही तर पट्टी अर्धा-पाऊण मीटर बाजूला सरकवा. तेवढ्यात दोन लाटांचं गणित बदलतं. आणि एकदा उभी धरूनही बघा. बरीच केंद्रं आता आडव्या आणि उभ्या दोन्ही लाटा सोडतात, मोटारींतल्या उभ्या दांड्यांसाठी, आणि उभ्या लाटेची परतफेड वेगळी असते.

आता एक गोष्ट जी अँटेनाच्या बाहेरची आहे, पण मला तिचाच दाट संशय आहे. तुमच्या सेटमध्ये ईएबीसी८० आहे, म्हणजे एफएम सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा रेशो डिटेक्टर. या डिटेक्टरची सगळी खुबी ही की तो सिग्नलची उंची वरखाली झाली तरी तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि हे काम त्याच्यावरचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर करतो. दोन ते दहा मायक्रोफॅरडपर्यंतचा, आकाराने लहान. तुम्ही कागदी कंडेन्सर आणि मोठा फिल्टर बदलल्याचं लिहिलंय, या लहानग्याचा उल्लेख नाही. तो सुकला की डिटेक्टरची ढाल जाते. मग परतलेली लाट, गाड्यांच्या ठिणग्या, स्विचचे टकटक, सगळं आवाजात उतरतं. अँटेना कितीही चांगला असला तरी.

बदलताना जुन्याची दिशा बघून घ्या, अंदाजाने लावू नका. बहुतेक सेटमध्ये याचं धन टोक चॅसिसला असतं, कारण मॅजिक आयला याच जागेवरून ऋण दाब जातो. व्होल्टेज तिथे थोडंच असतं, ५० व्होल्टचा कंडेन्सर भरपूर झाला.

रानवारा

माझा बूस्टरचा सल्ला मागे घेतो. एक विचारू? जर्मन सेटमध्ये पेटीच्या आत डायपोल आणि मागे वेगळी भोकं इतक्या लवकर कशी आली? माझ्याकडच्या त्याच काळातल्या दुसऱ्या सेटमध्ये एफएमच नाही.

निळी वायर

कारण त्यांना गरज पडली. १९४८ च्या कोपनहेगन परिषदेत युरोपच्या मध्यम लहरी वाटल्या गेल्या आणि पराभूत जर्मनीच्या वाट्याला फार थोड्या आल्या. सगळ्या देशाला कार्यक्रम पोचवायचे तर दुसरी वाट शोधणं भाग होतं. १९४९ पासून त्यांनी एफएमची केंद्रं सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत घरगुती सेटमध्ये एफएम सर्रास आलं. केंद्रं भराभर वाढली, त्यामुळे बऱ्याच घरांत पेटीतल्या पट्ट्याच पुरायच्या. मागची भोकं दूरच्यांसाठी. आर्मस्ट्राँग यांना एफएमची पेटंटं १९३३ मध्ये अमेरिकेत मिळाली होती, पण टेबलावरच्या रेडिओतलं एफएम इतक्या जिव्हाळ्याने जर्मनांनीच घडवलं असं मला ते सेट उघडताना दर वेळी वाटतं.

हिरवी पापणी

काका, तुमचा संशय बरोबर निघाला. आयएफच्या (मधल्या कंप्रतेच्या) शेवटच्या डब्याशेजारी ५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता, धन टोक चॅसिसलाच. काढून मोजला तर अर्ध्या मायक्रोफॅरडच्याही खाली. त्या जागी ४.७ चा घातला. जिन्यातला दिवा लावला की जो टक्क आवाज यायचा तो गेला. स पुष्कळ सुधारला, पूर्ण नाही. मग तुम्ही सांगितलं तसं टोक समोरच्या इमारतीकडे रोखून पट्टी कपाटाच्या दुसऱ्या कडेला नेली. आता निवेदकाचं बोलणं ऐकताना शब्दांच्या मधला श्वासही कळतो. ९८ वरचा जोर किंचित कमी झालाय, डोळ्यात एक बारीक फट राहते, पण ती मला मुळीच खटकत नाही.

८९ च्या जवळ एक दूरचं स्टेशन मात्र अजून तळ्यात-मळ्यात आहे. त्यासाठी डायपोल गच्चीवर नेण्यात अर्थ आहे का? गच्चीवर परवानगी मिळेल.

अर्धतरंग

त्या एका स्टेशनासाठी उंची हाच उपाय. हिशेब असा: मनोऱ्याची उंची मीटरमध्ये, तिचं वर्गमूळ, तुमच्या अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ, दोहोंची बेरीज गुणिले ४.१२, की सिग्नल साधारण कुठवर पोचतो ते अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. मनोरा १५० मीटरचा आणि तुमचा अँटेना ९ मीटरवर असेल तर साधारण ६३ किलोमीटर. तोच १६ मीटरवर नेला तर ६७. वाढ थोडी दिसते, पण गच्चीवर आजूबाजूच्या भिंती बाजूला होतात. खरा लाभ त्याचा.

गच्चीवर निळी वायर यांची पद्धत वापरा, ॲल्युमिनियमच्या नळीचा फोल्डेड डायपोल, बलून आणि कोॲक्सियल. घरातला मोडू नका. ९८ साठी तो तुम्ही जिथे बसवलाय तिथे गच्चीपेक्षाही स्वच्छ ठरेल, कारण वर गेलं की परतलेल्या लाटाही जास्त दिशांनी भेटतात. मागच्या भोकांत हवा तो प्लग घालायचा, बस. वरचा खांब आणि केबलचं आवरण इमारतीच्या अर्थिंगला जाड तारेने जोडून घ्या, ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून. आणि वादळाची हवा दिसली की गच्चीचा प्लग आधीच काढून रेडिओपासून लांब ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर त्या केबलला हात लावू नका.

हिरवी पापणी

ठीक. नळ्या बघते आणि बलूनचा तुकडा कापायच्या आधी केबलवरचा गुणांक इथे लिहिते, लांबी एकदा तपासून द्या.

निळी वायर

नक्की. केबलवर छापलेलं अख्खं नावच टाका, त्यावरून गुणांक काढता येईल.